अंड्याची पोळी उलटताना

पाय फरशीवर टेकतात आणि लगेच डोळ्यांत धूर जातो. लाकूड ओलं आहे. समोरच्या भिंतीत माणूस वाकून आत शिरेल एवढी चूल, तिच्यावर लोखंडी आकड्याला अडकवलेला तांब्याचा हंडा, हंड्यात कोबी आणि रात्रभर भिजवलेले वाटाणे. साल 1655, मे महिना. पॅरिसच्या दक्षिण भागात व्होजिरार रस्त्यावर कार्मेलाइट साधूंचा मठ आहे, त्याच्या स्वयंपाकघरात तुम्ही उभे आहात. अंगात तपकिरी, टोचणारा लोकरी झगा, पायांत साध्या वहाणा, हातात सुरी. नवा ब्रदर आलाय म्हटल्यावर कुणीतरी कांद्यांची टोपली तुमच्या पुढ्यात सरकवली आहे. मिरची शोधू नका, मिळायची नाही. बटाटा पॅरिसच्या ताटात यायला अजून शंभराहून अधिक वर्षं आहेत. मांस या मठात शिजत नाही. कुणी आजारी असेल तरच.

खिडकीतून बाग दिसते. वाफ्यांमध्ये मेलिसा लावली आहे. तिचं पान चुरडलं की लिंबासारखा वास येतो. तिचा अर्क काढणं ही या मठाची खासियत, आणि बाहेर त्याला गिऱ्हाईकही भरपूर. बागेपलीकडे मठाच्या चर्चचा घुमट. पॅरिसला घुमटांचं अजून नवल आहे. तिथे आत्ता ज्यांना लॅटिन येतं ते स्तोत्रं म्हणताहेत. तुम्हाला येत नाही, म्हणून तुम्ही इथे कांदे चिरताय आणि रडताय.

तो मागच्या दारानं येतो. दिसायच्या आधी ऐकू येतो: एक पाय टेकल्याचा आवाज, दुसरा ओढल्याचा. चाळिशी उलटलेला, आडदांड गडी, खांद्यावर सरपण, हातांवर भाजल्याचे जुने डाग. मठातलं नाव ब्रदर लॉरेन्स. घरचं नाव निकोला एर्मान, लॉरेन प्रांतातल्या खेड्यातलं पोर. तो तुमच्याकडे बघून मान हलवतो, लाकडं चुलीशी टाकतो आणि कामाला लागतो.

तुम्ही इथे कशासाठी आलात हे मला ठाऊक आहे. एका आचाऱ्याला भांडी घासता घासता देव भेटायचा, चोवीस तास भेटायचा, असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. त्या माणसाचं तोंड तरी बघावं म्हणून आलात. बघा तर मग. तोंडावर घाम आहे, कपाळाला काजळी लागली आहे. तो चुलीकडे वळतो, हंड्यातला वाटाणा चमच्यावर काढून बोटांनी दाबून बघतो. अजून कच्चा आहे. झाकण ठेवतो.

एवढंच.

तासभर तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघता. आता काहीतरी होईल, तो डोळे मिटेल, गुडघे टेकेल. तो गुडघे टेकतो खरा, पण चुलीखालची राख ओढायला. आजाऱ्यांची खोली सांभाळणारा ब्रदर पेज मागायला येतो, त्याच क्षणी कोठीवाला तेलाचा हिशेब विचारतो, आणि तिसरा कुणीतरी दारातूनच ओरडतो की भाकरी अजून आली नाही. मठात मौनाचा नियम असला तरी स्वयंपाकघराला तो पुरता कधीच लागू झालेला नाही. लॉरेन्स आधी पेज ओततो, मग तेलाचं सांगतो, मग भाकरीची चौकशी करायला लंगडत जातो. धांदल नाही. आळसही नाही. तिघांपैकी एकाच्याही बोलण्यानं तो दचकला नाही, हे तुमच्या लक्षात यायला जरा वेळ लागतो.

मग अंडी निघतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडं वर्ज्य होतं. आता टोपल्या भरल्या आहेत. लॉरेन्स वाडग्यात अंडी फोडतो, मीठ टाकतो, चिरलेला पाला टाकतो, तव्यावर लोणी सोडतो. मिश्रण तव्यावर पसरतं, कडा सुटतात. तो उलथणं खाली घालतो आणि पोळी उलटतो. पुढे लोकांनी हीच गोष्ट लक्षात ठेवली: हा माणूस तव्यावरची अंड्याची पोळी देवाच्या प्रेमापोटी उलटायचा, आणि हातात दुसरं काम नसलं तर तिथल्या तिथे जमिनीवर डोकं टेकायचा. तुम्ही टक लावून बघता. पोळी इतर कुणी उलटावी तशीच उलटली गेली आहे. एक कड जरा जास्त भाजली आहे. त्याला ती दिसते. तो क्षणभर थांबतो, ओठ किंचित हलतात, आणि पुढची अंडी फोडतो.

त्या क्षणभरात काय झालं ते सांगायला मला त्यानंच नंतर बोलून ठेवलेल्या गोष्टींचा आधार आहे. काम हातात घेण्याआधी तो देवाशी दोन शब्द बोलायचा: तू बरोबर आहेस, आता हे मला करायचंय, मदत कर. काम चालू असताना ते बोलणं जमेल तसं चालू ठेवायचा. काम संपलं की मागे वळून बघायचा. नीट झालं असेल तर आभार. बिघडलं असेल तर माफी, आणि एक सरळ कबुली, की तू मला माझ्यावर सोडलंस तर माझ्या हातून असंच होणार. त्यानंतर त्या चुकीचा विचार बंद. मला या सगळ्यात ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड वाटते. देवाला हाक मारणं पुष्कळांना जमतं. करपलेली कड मनातून काढून टाकणं फार थोड्यांना.

आता कार्मेलाइटांचा मूळ नियम ऐका, म्हणजे हा आचारी काय करतोय ते उमगेल. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जेरुसलेमचे धर्माधिकारी आल्बर्ट यांनी कार्मेल डोंगरावरच्या एकांतवाशांना तो लिहून दिला. त्यातली मुख्य आज्ञा अशी, की प्रत्येकानं आपल्या खोलीत राहून रात्रंदिवस प्रभूच्या वचनाचं मनन करावं, प्रार्थनेत जागं असावं; दुसरं रास्त काम अंगावर असेल तेवढा वेळ सोडून. ही सवलत व्यवहाराला धरूनच आहे. कुणीतरी शिजवलं पाहिजे, कुणीतरी दार उघडलं पाहिजे. पण तिचा परिणाम असा झाला की ज्याच्या वाट्याला आयुष्यभर रास्त कामच आलं, तो आयुष्यभर अपवादात राहिला. लॉरेन्स त्यांतला. पुरोहित होण्याचं शिक्षण नाही, गायनात बसायची पात्रता नाही, खोलीत बसायला वेळ नाही. त्यात स्वयंपाकाची त्याला मनापासून नावड होती. तेरेसा या संघाची सुधारक. तिनं जवळपास शतकाआधी आपल्या बहिणींना बजावलं होतं की आज्ञेनं स्वयंपाकघरात जावं लागलं तर हिरमुसू नका, प्रभू तिथेही आहे. सांगणं वेगळं आणि पंधरा वर्षं हंडा उतरवणं वेगळं. लॉरेन्सनं ती सवलत घेतलीच नाही. पुढे तो म्हणायचा की नेमलेल्या प्रार्थनेच्या वेळा आणि बाकीच्या वेळा यांत त्याला फरक राहिला नव्हता. वरिष्ठ सांगत म्हणून तो प्रार्थनेला जाऊन बसे, पण त्याची मागणी करत नसे.

मराठी माणसाला इथे जनाबाई आठवणारच. पण जनीची कथा जरा नीट आठवा. विठू तिच्या जात्याचा खुंटा धरतो, शेण वेचतो, तिचं ओझं हलकं करतो. या स्वयंपाकघरात तसलं काही होत नाही. हंडा लॉरेन्सच उतरवतो, पाय दुखतो तो लॉरेन्सचाच. नातं लावायचं तर अरणच्या सावता माळ्याशी लावावं, जो मळा सोडून पंढरीला गेला नाही असं सांगतात. तरी सावत्याला मळा आवडत असणार. चुलीचा कंटाळा असलेला संत मला दुसरा माहीत नाही.

आता थोडं मागे चला. लॉरेनमधला हिवाळा, एर्मान अठरा वर्षांचा आहे. समोर एक निष्पर्ण झाड. त्याच्या मनात येतं की थोड्या दिवसांत याला पानं फुटतील, मग फुलं, मग फळं. एवढ्यावरून देवाच्या सामर्थ्याची जी ओळख त्याला पटली ती पुढे कधी पुसली गेली नाही. तुम्ही झाडाकडे बघता. ते झाडच आहे. इथे फार रेंगाळू नका, थंडी मरणाची आहे. पुढे तीस वर्षांचं युद्ध: हा शिपाई होतो, जर्मन सैन्याच्या हाती सापडतो, हेर समजून फाशीची धमकी मिळते, शांतपणे उत्तरं देतो म्हणून सुटतो, नंतर जखमी होतो. मग एका खजिनदाराच्या घरी नोकर. तिथे हातून सगळं फुटायचं, असं तोच सांगे. 1640 साली या मठात. त्याची अटकळ अशी होती की इथे आपल्या वेंधळेपणाची चांगली शिक्षा मिळेल, आणि देवानं आपल्याला फसवलं, इथे समाधानच मिळालं, असं तो पुढे गमतीनं म्हणे.

समाधान मात्र लगेच मिळालेलं नाही, आणि ती वर्षं तुम्ही पाहावीत अशी माझी इच्छा आहे. हल्ली त्याच्या आठवणींचं आणि पत्रांचं पुस्तक मनःशांतीची पुस्तिका म्हणून वाचलं जातं, आणि तसं वाचणारे हा भाग झरझर उलटतात.

1645 च्या सुमाराची एक पहाट. चर्च अंधारं, दगड गार. तासभर मौनात मनन करण्याची वेळ. तुम्ही त्याच्या शेजारी गुडघ्यांवर आहात. शेजारचा माणूस विचार गोळा करतो, ते पळतात. पुन्हा गोळा करतो, पुन्हा पळतात. पुस्तकांतल्या पद्धती त्यानं वापरून पाहिल्या आहेत, एकीनंही काम झालेलं नाही. याहून वाईट म्हणजे आपण तरणार नाही, आपला नाश ठरलेला आहे, असं त्याच्या मनानं घेतलंय. चार वर्षं ही खात्री त्याला कुणी सोडवू शकलं नाही. एकंदर त्रास दहा वर्षांचा. या काळात देव जवळ आहे असं त्याला वाटत होतं का? क्वचित. पुष्कळदा सगळी सृष्टी, स्वतःची बुद्धी, देवसुद्धा आपल्या विरुद्ध उभा आहे आणि आपल्या बाजूला फक्त विश्वास आहे, असं वाटायचं. घंटा होते. तो उठतो, पाय झटकतो, स्वयंपाकघराकडे जातो. भाज्या धुवायच्या आहेत.

सुटका कशी झाली, ते त्यानं पत्रात लिहून ठेवलंय. त्यानं ठरवलं की तरो अथवा बुडो, जगेन तोवर जे करायचं ते देवाच्या प्रेमासाठी करत राहीन. हे दुखणं मरेपर्यंत राहणार असं धरून तो चालला होता, आणि एक दिवस ते नव्हतं. कारण त्यालाही सांगता आलं नाही. म्हणजे देवाच्या सान्निध्याची सवय त्यानं लावली ती सान्निध्य जाणवत नसताना. या माणसाबद्दल मला काही सांगायचं असेल तर ते हेच आहे. गोड भावना आली म्हणून तो देवाशी बोलू लागला नाही. समोरून काही ऐकू येत नसतानाही बोलत राहिला. नव्या बाळाशी आई बोलते तसं, उत्तराची वाट न बघता.

चला परत कांद्यांपाशी. आता तुम्ही करून बघा. सोपं आहे म्हणतात. कांदा उचला, मनात म्हणा, तू इथे आहेस. पहिला कांदा: आहेस. दुसरा: आहेस. तिसऱ्याला डोळे चुरचुरतात. चौथ्याला आठवतं की घरी गॅसचं बटण बंद केलं की नाही. सहाव्यापर्यंत तुम्ही ऑफिसातल्या कुणाशी मनातल्या मनात भांडून, त्याला निरुत्तर करून मोकळे झालेले असता. देव कुठे राहिला? लॉरेन्सकडे बघा. अशा वेळी तो स्वतःवर चिडत नाही. भटकलेल्या मनावर ओरडलं की ते आणखी बिथरतं, हलकेच परत आणावं, असा त्याचा सल्ला. एका शिपायासाठी त्यानं कळवलं होतं की मोहिमेवर, हातात तलवार असतानाही मन क्षणभर वर उचललं तरी पुरे. छोटी आठवण देवाला चालते, आणि तिनं शिपायाचं धैर्य कमी होत नाही. खाली पडलेली काडी उचलायची तरी ती देवासाठी उचलावी, हे त्याचं माप. काडी! मोठ्या कामांची वाट बघत बसलेल्यांना हे माप फार लहान पडतं. तुम्ही सातवा कांदा घेता.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. पायाच्या दुखण्यानं चुलीपाशी उभं राहणं अशक्य झालं तेव्हा त्याला वहाणा शिवायच्या कामाला बसवलं. 12 फेब्रुवारी 1691 रोजी तो वारला. जोझेफ द बोफोर या धर्मगुरूंनी त्याच्या आठवणी आणि उरलेली पत्रं गोळा करून 1692 आणि 1694 मध्ये छापली. उरलेली म्हणायचं, कारण स्वतः लिहिलेलं फाडून टाकायची त्याला खोड होती. फेनेलों या विद्वान धर्मगुरूंनी (ते पुढे आर्चबिशप झाले) त्याला आजारपणात भेटून पाहिलं होतं. पुढे बिशप बोस्युए यांच्याशी गूढ प्रार्थनेवरून त्यांचा मोठा वाद पेटला तेव्हा त्यांनी या आचाऱ्याचा दाखला काढला. 1699 साली रोमनं फेनेलोंच्या पुस्तकातली विधानं दोषी ठरवली, आणि फ्रान्सच्या कॅथलिकांत लॉरेन्सचं नाव काढणं जरा अवघड होऊन बसलं. त्याला जपलं ते प्रॉटेस्टंटांनी. त्या वादाचे कागद चाळले तर प्रार्थनेच्या पायऱ्या, कसोट्या, निष्क्रियता आणि सक्रियता यांचा कीस पडलेला दिसतो. कांद्यांचा उल्लेख नाही.

आता शेवटचा मुक्काम: 3 ऑगस्ट 1666. वहाणांचा कारखाना म्हणजे एक लहान खोली, चामड्याचा वास, मेण लावलेला दोरा. लॉरेन्स बाकावर बसला आहे, दुखरा पाय पुढे ताणून. केस पिकले आहेत. हे काम त्याला आवडतं, पण उद्या सोडायला सांगितलं तरी हरकत नाही म्हणतो. मध्यंतरी मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्याला बर्गंडीला धाडलं होतं. खरेदीविक्रीत तो ढ, पाय अधू, बोटीत उभं राहता येईना, तर पिंपांवरून लोळत लोळत इकडून तिकडे गेला. जाताना देवाला म्हणाला, हे तुझं काम आहे. द्राक्षारस चांगला मिळाला, कसा ते त्याला माहीत नाही.

दारात बोफोर उभे आहेत. पुढे पॅरिसच्या आर्चबिशपांच्या कारभारात मोठ्या पदावर जाणारे हे गृहस्थ आज पहिल्यांदाच त्याला भेटायला आलेत. तुम्ही त्यांच्या मागे. दोघांसाठी जागा नाही, म्हणून तुम्ही चौकटीला टेकून ऐकता. लॉरेन्स त्या झाडाचं सांगतो, युद्धाचं, नोकरीतल्या फुटलेल्या भांड्यांचं. बोलताना दोरा ओढणं थांबत नाही. शब्द खडबडीत आहेत, खेडवळ आहेत. छापील पानांवर ते बोफोरांच्या वळणदार भाषेतून येणार आहेत, त्यामुळे आत्ता कान देऊन ऐका. तो कसलाही उपदेश करायच्या तयारीत दिसत नाही. विचारलं तेवढं सांगतो आणि पुढचा टाका घालतो.

बोफोर उठतात. पुन्हा येऊ का, असं विचारण्याआधीच लॉरेन्स अट सांगून टाकतो. देवाची सेवा करायची खरी इच्छा असेल तर हवं तेव्हा यावं, आपल्याला त्रास होईल याची चिंता नको. तशी इच्छा नसेल तर पुन्हा फिरकू नये.

बोफोरांना ते बोलणं लागलेलं दिसत नाही. 28 सप्टेंबरला ते परत येतील, 22 नोव्हेंबरला पुन्हा, आणि पुढच्या वर्षीही. लॉरेन्स दाताखाली दोरा धरून तोडतो, वहाण उलटी करून शिवण तपासतो, आणि आता चौकटीपाशी कोण उभं आहे म्हणून मान वर करतो.